जीवन कुठून आलं, मन कुठवर जातं, जगायचं कशासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. दर हिवाळ्यात अकरावीची मुलं घेऊन मी लोणारला जायचे. सरोवराच्या काठावर डबे उघडले की परीक्षेत कधीच न येणारे प्रश्न सुरू व्हायचे. निवृत्तीनंतर वाचनालयात संध्याकाळी बोलायला लागले, तर तेच प्रश्न आता आजी-आजोबा, नोकरदार आणि नुकती आई झालेल्या मुली विचारतात. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

जीवसृष्टी किती जुनी आहे?

पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे स्ट्रोमॅटोलाइट सापडतात. सूक्ष्मजीवांच्या चिकट थरावर गाळ बसायचा, त्यावर नवा थर चढायचा, आणि असे पापुद्रे साचत हे दगड तयार झाले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आपल्याला अनादि वाटतो, पण तो साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. जीवसृष्टी त्याच्या पन्नासपटीहून जुनी. आपल्यासारख्या माणसांचे सर्वांत जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूदचे, साधारण तीन लाख वर्षांपूर्वीचे.

निर्जीवातून सजीव होत नाही हे पाश्चरने सिद्ध केलं होतं ना? मग पहिला जीव आला कसा?

हा प्रश्न विचारणारं मूल वर्गात निघालं की मला फार आनंद व्हायचा, कारण त्याने दोन धडे एकमेकांसमोर उभे केलेले असत.

लुई पाश्चरने १८६० च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूंत रस उकळून ठेवला. नळीच्या वळणात धूळ अडकली, रस नासला नाही. सूक्ष्मजीव हे आधीच्या सूक्ष्मजीवांपासूनच येतात, हे त्यातून दिसलं. पण तो प्रयोग आजच्या पृथ्वीवरचा आणि काही महिन्यांचा होता. आज एखाद्या डबक्यात जीवनाला लागणारे रेणू साचलेच, तर आधीपासून असलेले जिवाणू ते खाऊन टाकतील, नाहीतर हवेतला ऑक्सिजन त्यांची मोडतोड करील. सुरुवातीच्या पृथ्वीवर खाणारं कुणी नव्हतं आणि हवेत ऑक्सिजन नव्हता.

हा धागा १९२४ मध्ये रशियातल्या ओपारिन यांनी आणि १९२९ मध्ये ब्रिटनमधल्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे पकडला. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले, भुवनेश्वरला राहिले आणि १९६४ मध्ये तिथेच वारले. त्यांचा देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. जीवन कसं सुरू झालं याचा विचार केलेल्या माणसाने शेवटी स्वतःचं शरीरही शिकणाऱ्यांच्या हवाली केलं, हे मी मुलांना नेहमी सांगते.

१९५३ मध्ये शिकागोत तेवीस वर्षांच्या स्टॅन्ली मिलर यांनी, हॅरोल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली, पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन एका बंद काचयंत्रात घेतले आणि विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांत पाण्याचा रंग पालटला. त्यात ग्लायसिन, ॲलॅनिन अशी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, निघाली. मिलर २००७ मध्ये गेले. त्यांनी जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या पुढच्या वर्षी नव्या उपकरणांनी तपासल्या, तेव्हा त्यांतल्या एका प्रयोगात २२ अमिनो आम्लं आढळली.

पण विटा म्हणजे घर नव्हे. आजच्या पेशीत एक पेच आहे: डीएनए वाचायला प्रथिनं लागतात आणि प्रथिनं बनवायची कृती डीएनएत असते. मग आधी काय? १९८० च्या दशकात थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की आरएनए हा रेणू माहितीही साठवतो आणि प्रथिनांसारखी रासायनिक कामंही करतो. १९८९ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. पुढे चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन आणि त्यांच्यासोबत २००९ चं नोबेल मिळालेले दोन शास्त्रज्ञ यांच्या कामामुळे रायबोसोमची, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्याची, रचना बारकाईने दिसली. त्याच्या अगदी गाभ्यात अमिनो आम्लं जोडायचं काम आरएनएच करतो. म्हणजे तुमच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत त्या जुन्या काळाचा एक तुकडा या क्षणीही राबतो आहे.

तरीही रेणूंच्या गर्दीतून पहिली स्वतःची नक्कल करणारी पेशी नेमकी कोणत्या वाटेने आली, हे अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. समुद्रतळावरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी आली असं मानणारे आहेत, जमिनीवरच्या तळ्यांकडे बोट दाखवणारेही आहेत.

यात लोणारचा काय संबंध?

संबंध खरा आहे, आणि फार थोड्यांना ठाऊक आहे.

डीएनए आणि आरएनएचा कणा फॉस्फेटचा असतो. पेशीची ऊर्जा ज्या एटीपी रेणूत फिरते, त्यातही फॉस्फेट. पण निसर्गात पाण्यातलं फॉस्फेट कॅल्शियमच्या हाती लागलं की त्याचा न विरघळणारा खडा होतो आणि ते तळाशी जातं. मग सुरुवातीच्या जीवनाला ते मिळालं कुठून? हे कोडं शास्त्रज्ञांना कित्येक दशकं छळत होतं.

२०१९ च्या अखेरीस वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जोनाथन टोनर आणि डेव्हिड कॅटलिंग यांनी एक उत्तर मांडलं. ज्या तळ्यांत कार्बोनेट भरपूर असतं, तिथे कार्बोनेटच कॅल्शियमला धरून ठेवतं आणि फॉस्फेट पाण्यात मोकळं राहतं. पाणी आटत गेलं की ते आणखी दाट होतं. अशा सोड्याच्या तळ्यांची उदाहरणं म्हणून त्यांनी कॅलिफोर्नियातलं मोनो, केनियातलं मगादी आणि आपलं लोणार पुढे ठेवली.

लोणारच्या सरोवरातून पाणी बाहेर जायला वाट नाही. धारेचं, म्हणजे काठावरच्या गोड्या झऱ्याचं, आणि पावसाचं पाणी आत येतं, उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा पीएचचा आकडा दहाच्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी. बोटं बुडवून चोळली की साबणासारखी बुळबुळतात.

इथे एक खबरदारी घ्या. जीवनाचा जन्म लोणारात झाला, असा याचा अर्थ नाही. उल्का पडून हे विवर झालं ते दख्खनच्या पाषाणात, म्हणजे जीवसृष्टी सुरू झाल्यानंतर तीनशेहून अधिक कोटी वर्षांनी. लोणार हा त्या जुन्या तळ्यांचा जिवंत नमुना आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा कुणी कोप म्हणालं, कुणी लोणासुर राक्षसाची कथा काढली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. मिठात रमणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव वाढले होते. १९७७ मध्ये कार्ल वूझ यांनी जीवसृष्टीची जी तिसरी शाखा ओळखली, त्या आर्कियांपैकीच हे.

आणि शनीचा एन्सेलॅडस हा उपग्रह. त्याच्या बर्फाखालच्या समुद्रातून उडालेल्या कणांत फॉस्फेट असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं. त्या समुद्राचं पाणीही सोड्याचंच आहे. मेहकर रस्त्यावरचं तळं आणि शनीचा चंद्र यांच्यात एकच रसायन, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर जागी होते.

जीवन अवकाशातून आलं असं डॉ. नारळीकर म्हणायचे, ते खरं का?

कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांना सूक्ष्मजीव अवकाशातून आले असण्याची शक्यता गंभीर वाटत होती. पण नारळीकर नुसतं म्हणून थांबले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने इस्रोच्या प्रकल्पात २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडले गेले आणि २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणली. त्यात जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. तीन जिवाणू विज्ञानाला नवे होते. एकाला हॉइल यांच्या नावावरून जॅनिबॅक्टर हॉयली म्हटलं, एकाला आर्यभटाचं नाव दिलं आणि एकाला इस्रोचं. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट सांगितलं की हे जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचं यातून ठामपणे सिद्ध होत नाही. स्वतःच्या आवडत्या कल्पनेला अशी कसोटी लावणं हे मला त्या प्रयोगाचं सर्वांत मोठं मोल वाटतं.

कच्चा माल मात्र अवकाशातून नक्की येतो. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं होती. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या मातीत प्रथिनांत वापरल्या जाणाऱ्या २० पैकी १४ अमिनो आम्लं सापडली, आणि डीएनए-आरएनएतली माहिती ज्या रेणूंनी लिहिलेली असते, ती पाचही ‘अक्षरं’.

इतकी गुंतागुंत योगायोगाने कशी होईल?

योगायोगाने झालीच नाही. हॉइल यांनी एक दाखला दिला होता: भंगाराच्या आवारात वादळ घुसलं आणि विमान जुळून आलं, इतकं हे अशक्य आहे. एका फटक्यात सगळं जुळायचं असतं, तर ते बरोबर होते. पण उत्क्रांतीत दर पिढीत छोटे बदल होतात, जे टिकतात ते पुढे जातात, आणि पुढचा बदल त्यांच्यावर चढतो. आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चांगल्या कणसाचं बी वेगळं काढत आले. निवड साठत गेली की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून का आहेत?

तुमच्या आजोबांना दोन मुलगे होते. एकाचे तुम्ही, दुसऱ्याचा तुमचा चुलत भाऊ. तुम्ही आहात म्हणून चुलत भाऊ नाहीसा होत नाही. चिंपांझी आणि आपण यांचे ‘आजोबा’ साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी होऊन गेले.

८४ लाख योनी आणि विज्ञानाचा ८७ लाख प्रजातींचा अंदाज इतके जवळ कसे?

२०११ चा तो अंदाज ८७ लाखांचा होता, तेरा लाख इकडेतिकडे धरून. पण त्यात जिवाणू आणि आर्किया मोजलेलेच नाहीत. परंपरेतली वाटणी पाहिली तर जलचर ९ लाख, स्थावर २० लाख, कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख आणि मानव ४ लाख. माणसाची प्रजाती आज एकच आहे आणि पक्ष्यांच्या साधारण अकरा हजार. तेव्हा आकडे जुळलेले नाहीत. ८४ हा आपल्या परंपरेचा लाडका आकडा: सिद्ध ८४, आसनं ८४. चौऱ्यांशीच्या फेऱ्यामागची जाण मात्र मला मोलाची वाटते. किडा, झाड आणि माणूस एकाच साखळीत बसवण्याची हिंमत त्या कल्पनेत आहे.

प्रयोगशाळेत जीव तयार केला आहे का?

शून्यापासून नाही. क्रेग व्हेंटर यांच्या गटाने २०१० मध्ये जिवाणूचा संपूर्ण जनुकसंच रसायनांतून बांधून दुसऱ्या जिवाणूच्या पेशीत घातला आणि तो चालला. पेशी मात्र उसनी होती. २०१६ मध्ये त्यांनी फक्त ४७३ जनुकांवर जगणारा जीव बनवला. त्यांतल्या १४९ जनुकांचं काम काय, हे तेव्हा बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, हे खरं?

नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. नव्वद टक्के रिकामं पडलेलं इंद्रिय इतकं महाग पोसणं कोणत्याच प्राण्याला परवडलं नसतं. शिवाय पक्षाघातात मेंदूचा लहानसा भाग गेला तरी बोलणं, चालणं किंवा ओळखणं जातं.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. हत्तीच्या मेंदूत २५,७०० कोटी, म्हणजे तिप्पट. पण त्यांतल्या जवळजवळ सगळ्या लहान मेंदूत. विचाराचं काम जिथे प्रामुख्याने चालतं, त्या मोठ्या मेंदूच्या वरच्या थरात आपल्याकडे सुमारे १,६०० कोटी आहेत. हत्तीकडे त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मुलाला ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मध्यमेंदू ‘जागवण्याच्या’, क्लासला घालू का?

घालू नका. हे मी पोटतिडकीने सांगते आहे. माझ्या शेजारच्या मुलीला अशा एका क्लासला पाठवलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून ती रंग ओळखायची, घरचे कौतुकाने पाहायचे. एक दिवस ती माझ्याजवळ येऊन रडली. नाकाच्या कडेने खालून दिसत होतं, आणि ते सांगितलं तर आईबाबांना वाईट वाटेल म्हणून ती गप्प होती. आठ वर्षांच्या मुलीला खोटं सांभाळायला लावणं यापेक्षा मोठं नुकसान कोणतं?

मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो. डोळ्यांची हालचाल, जागेपण ही त्याची कामं. तो बंद पडला तर माणूस बेशुद्ध होईल. शंका असेल तर पट्टी तशीच ठेवून रंगीत कार्ड कपाळाच्या वर धरा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते या दाव्यांना उघड विरोध करत आले आहेत.

माझं वय ५८ आहे. आता नवीन काही शिकता येईल का?

लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल, तर सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं की या चालकांच्या मेंदूत आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग लोक म्हणाले, मुळातच ज्यांचा मोठा तेच चालक होत असतील. म्हणून त्यांनी ७९ उमेदवारांचा काही वर्षं माग ठेवला. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये वाढ दिसली, बाकीच्यांत नाही. ही प्रौढ माणसं होती, शाळकरी मुलं नव्हेत. मनाच्या शक्तीबद्दल कुणी चमत्कार सांगू लागलं की मला हेच आठवतं. रोज स्कूटरवर बसून गल्ल्या पाठ करणारा माणूस स्वतःचा मेंदू बदलतो. मी साठाव्या वर्षी मोडी शिकायला घेतली. पहिले चार महिने काहीच लागत नव्हतं, आता जुने कागद वाचते.

ध्यानाने काही होतं का?

होतं, मर्यादेत. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम उतार दिसला, पण व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. मी स्वतः दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं आहे. मन एका मिनिटात किती ठिकाणी जाऊन येतं, हे तिथे पहिल्यांदा नीट पाहिलं. सुरू असलेली औषधं मात्र ध्यानासाठी बंद करू नका.

मन म्हणजे मेंदूच का?

मेंदूला इजा झाली की मन बदलतं, भूल दिली की जाणीव मावळते. तेव्हा मेंदूशिवाय मन असल्याचं मला तरी कुठे दिसलेलं नाही. पण विजेच्या स्पंदनांतून ‘मला दुखतंय’ ही आतली जाणीव कशी उमटते, हे कोडं शिल्लक आहे. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्तोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली: पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल. जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कॉख यांनी भर सभेत हार मान्य केली आणि वाइनची पेटी चामर्स यांच्या हाती दिली.

मग माणसाच्या जन्माचा उद्देश काय?

इथे मी शिक्षिका म्हणून कमी आणि माणूस म्हणून जास्त बोलते.

आधी एका जिवाणूकडे पाहा. आपल्या आतड्यातला ई. कोलाय सरळ पोहतो, मध्येच गिरकी घेऊन दिशा बदलतो. पुढे साखर वाढत असेल तर गिरक्या कमी करतो, म्हणजे साखरेच्या दिशेने जास्त वेळ जात राहतो. त्याला मेंदू नाही, मन नाही. तरी त्याच्यासाठी जगात ‘बरं’ आणि ‘वाईट’ आहे. दगडासाठी नाही. दगड फुटला तर दगडाचं काही बिघडत नाही.

यावरून मी वर्षानुवर्षं एका विचारापाशी येऊन थांबते. जगात आधी उद्देश होता आणि त्यासाठी जीवन आलं, असं मला वाटत नाही. जीवन आलं आणि त्याच्यासोबत उद्देश ही गोष्ट जगात पहिल्यांदा आली. हवं-नको, जपणं, धडपडणं हे सगळं जिवांनी आणलं. म्हणून ‘माझ्या जन्माचा उद्देश आधीच कुठे लिहून ठेवलाय?’ असं कुणी विचारलं की मी सांगते, लिहिणारा हात तुझ्यातच वाढला आहे, साडेतीनशे कोटी वर्षं.

ज्यांची श्रद्धा वेगळी आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्तसुद्धा सृष्टीच्या उगमाबद्दल बोलता बोलता शेवटी शंकेवरच थांबतं. तो प्रामाणिकपणा मला आपल्या वारशातला फार मोठा वाटतो.

मला माझा उद्देश सापडतच नाही. काय करू?

पंचविशीतली मुलं हे फार विचारतात. त्यांना मी बाबा आमट्यांचा प्रसंग सांगते. वरोऱ्यात वकिली सोडून ते मैला वाहण्याचं काम करत होते. एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला महारोगाने शरीर झडलेला तुळशीराम दिसला आणि ते घाबरून घरी पळाले. ती भीती त्यांना सहन झाली नाही. परत गेले, आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. आनंदवन त्यानंतर आलं, १९४९ पासून. त्यांना उद्देश आधी सापडला आणि मग ते कामाला लागले, असं झालं नाही. आधी ते पळून गेले होते. परत फिरले, हात घातला, आणि पुढचं आयुष्य त्यातून उलगडलं.

मात्र काहीच करावंसं वाटत नाही, झोप उडाली आहे, जगणं नकोसं वाटतं, असं आठवडेच्या आठवडे होत असेल, तर तो आजार असू शकतो. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

आई गेली. तिचं आता काय उरलं?

हा प्रश्न एका गृहस्थांनी सगळे गेल्यावर, खुर्च्या आवरताना विचारला. जे सांगितलं तेच लिहिते. तुमच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया तुम्हाला आईकडूनच मिळाली आहेत, तिला तिच्या आईकडून. दीड अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एक स्वतंत्र जिवाणू दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच नांदू लागला, त्याचे हे वंशज. तुम्ही आत्ता घेतलेला श्वास तिच्याकडून आलेल्या या ठेव्यातच वापरला जातो आहे. ते बराच वेळ हातातली खुर्ची धरून उभे होते. मग त्यांनी आईच्या हातच्या ज्वारीच्या भाकरीबद्दल सांगायला सुरुवात केली, आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो.

लोणारला जायचं आहे. काय पाहावं?

हिवाळ्यात, सकाळी लवकर जा. धारेपासून खाली उतरा. वाटेत झाडी दाट आहे, मोर दिसतात. पीएच कागद सोबत न्या. आधी धारेच्या गोड्या पाण्यात बुडवा, मग सरोवराच्या पाण्यात, आणि दोन रंग शेजारी धरून मुलांना दाखवा. पाण्यात उतरू नका, काही टाकू नका. २०२० पासून हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. परत वर चढायला पाऊण तास धरा, आणि डबा काठावर बसून खा. प्रश्न तिथेच निघतात.